पुढची गाडी

आमच्या गाडीला सुरू व्हायला उतार लागतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, सवय म्हणून सांगतो. काही माणसांना उठल्याबरोबर चहा लागतो, तसा आमच्या पिकअपला उतार लागतो. किल्ली फिरवून ती सुरू होत नाही. आधी हँडब्रेक सैल करायचा, तिला दहा-बारा पावलं आपोआप खाली जाऊ द्यायचं, डावं दार एकदा जोरात आपटायचं, आपटल्याबरोबर क्लच सोडायचा आणि त्याच क्षणी तिच्याशी काहीतरी गोड बोलायचं. यातलं गोड बोलणं खरोखर आवश्यक आहे का, याबद्दल मेकॅनिकचं आणि माझं दुमत आहे. मी ते एकदा वगळून पाहिलं. त्या दिवशी आम्ही चालत घरी आलो.

तिचं घरातलं नाव थोरली. हे नाव बायकोनं ठेवलं. गाडी तिच्याआधी दोन वर्षं या घरात आली, म्हणून गाडी थोरली आणि बायको धाकटी, असं तिचं म्हणणं. थोरलीला माझ्याशिवाय कोणी सुरू करू शकत नाही, ही गोष्ट मी आल्यागेल्याला सांगतो. सांगताना तोंडावर त्रासिक भाव ठेवतो, पण आतून बरं वाटतं.

माझा धंदा सोफे आणि खुर्च्या दुरुस्तीचा. जुना सोफा आणायचा, उसवायचा, आतला भुसा-फोम बदलायचा, नवं कापड चढवायचं आणि मालकाला तो नवाच आहे असं वाटेपर्यंत थोपटायचं. माल आणायला-पोचवायला पिकअप हवीच. कारखान्यासाठी जागा बघताना लोक पाणी बघतात, उजेड बघतात. मी गल्लीचा उतार बघितला. गिऱ्हाइकांचेही मी दोन वर्ग पाडलेत, उतारावरचे आणि सपाटीवरचे. सपाटीवरच्यांकडे गेलो की इंजिन चालूच ठेवून सोफा चढवतो. त्यामुळे त्यांना वाटतं, हा फार घाईत असतो, म्हणजे कामाला चांगला असणार.

एका सोमवारी मात्र थोरली मला न विचारता, भर चौकात, सपाटीवर बंद पडली. मागे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा तीन जणांचा सोफा होता. पाच मिनिटांत सात माणसं जमली. त्यातले तिघे वर चढून सोफ्यावर बसले, कारण उंचावरून सल्ला नीट देता येतो. मला माणसं टिपून ठेवायची खोड आहे, म्हणून सांगतो: सातांपैकी पाच जणांनी विचारलं, “डिझेल आहे ना?” एकानं विचारलं, “बंद पडली का?” आणि सातव्यानं काहीच विचारलं नाही, तो सोफ्यावर झोपला. गाडी बाळगणारा त्या सातांत एकही नव्हता. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकलली, तेव्हाही तो सातवा सोफ्यावरच होता. त्याला मी पुढच्या चौकात उतरवला.

“अहो, आता पुरे,” संध्याकाळी बायको म्हणाली. “नवीन घ्या.”

“घेऊ,” मी म्हणालो.

इथपर्यंत ही एका समजूतदार माणसाची गोष्ट आहे.

आमच्या खाली मोजणीदार राहतात. जमीनमोजणीच्या खात्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी मोजून निवृत्त झाले आणि तेव्हापासून दुसऱ्यांचे निर्णय मोजतात. मोटारींची चार मासिकं त्यांच्याकडे येतात. स्वतःकडे सायकल. मी दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना सहज म्हणालो की पिकअप घेतोय.

“अरेरे,” ते म्हणाले.

“अरेरे काय?”

“काही नाही. घ्या, घ्या. तुमची गाडी, तुमची इच्छा.”

“साहेब, सांगा ना.”

त्यांनी दोन पायऱ्या खाली उतरून आवाज कमी केला. मोटार कंपनीचं गुपित जिन्यात बोलायचं म्हणजे एवढी काळजी घ्यावीच लागते. “चार महिन्यांत सगळं बदलतंय. तोंड नवं, दिवे नवे, आतली बैठक नवी. आज घ्याल ती गाडी चार महिन्यांनी कोण विचारणार? शोरूममधून बाहेर पडेस्तोवर म्हातारी. पुढची येऊ द्या. पुढची घ्या.”

वर येऊन मी बायकोला सांगितलं. ती शिवणयंत्रावर होती. यंत्र थांबलं नाही.

“चार महिने थोरली चालेल?”

“मी आहे ना.”

“तुम्ही चालाल हो. मी गाडीचं विचारतेय.”

तेवढ्यात मेहुणा आला. मेहुण्याला बातमीचा वास येतो आणि पाठोपाठ तो येतो. त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. कोणीतरी कुठल्यातरी रस्त्यावर चोरून काढलेला, नव्या पिकअपचा. गाडी पूर्ण झाकलेली होती. काळ्यापांढऱ्या नक्षीच्या कापडाखाली एक उंचवटा दिसत होता. आम्ही दोघं पाऊण तास तो उंचवटा बघत होतो. मेहुणा मोठा करून दाखवायचा, मी पुन्हा लहान करायला सांगायचो. आवरणं चढवणं हा माझा धंदा, तेव्हा मत देणं भाग होतं. मी म्हणालो, “मागच्या कोपऱ्यात शिवण घसरलीय.”

“भाऊजी, गाडीबद्दल बोला.”

“गाडी दिसतेय कुठे?”

“दिसत नाही, तेच तर,” मेहुणा म्हणाला. “दिसत नसताना एवढी भारी वाटतेय. दिसेल तेव्हा काय होईल!”

मला ते पटलं. आज लिहिताना ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि आपल्याला यातलं नेमकं काय पटलं होतं ते शोधायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

नोंदणी करून ठेवलेली बरी, म्हणून त्याच आठवड्यात आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. टाय लावलेला एक तरुण पुढे आला. त्याचं नाव छातीवर लिहिलेलं होतं, पण टाय नेमका त्यावर लोंबत होता, म्हणून मी त्याला आजतागायत टायवाला म्हणतो. काचेबाहेरच्या आवारात तीन पिकअप एकामागे एक उभ्या होत्या. त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. बायकोनं पाहिलं.

“कुठली देऊ साहेब?” टायवाल्यानं विचारलं.

“पुढची,” मी म्हणालो.

त्यानं काचेतून बाहेर पाहिलं. “पुढची?”

“पुढचीच. मला घाई नाही. थांबायची तयारी आहे.”

“थांबायचं कशाला? आठवड्यात देतो.”

मी नुसता हसलो. सेल्समन काहीही बोलतात. “तुम्ही फॉर्म भरा. गाडीसमोर ‘पुढची’ लिहा.”

त्यानं तसं लिहिलं आणि स्वल्पविराम देऊन, मी न सांगता, ‘राखाडी’ असंही लिहिलं. मला राखाडीच रंग आवडतो. माझ्या शर्टावरून त्यानं ओळखलं असणार, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं कौतुक केलं. दोन सह्या लागत होत्या. दुसरी बायकोनं केली. परत येताना ती फार खुशीत होती. थोरलीचं दार तिनं स्वतः आपटलं.

मग थांबणं सुरू झालं.

थांबणं म्हणजे स्वस्थ बसणं, असा लोकांचा समज आहे. दुसऱ्यांच्या बसायची सोय करण्यात माझी हयात गेली, पण त्या काळात मला कुठल्याच खुर्चीवर बसवेना. सकाळी उठलो की मेहुण्याला फोन, काही नवं कळलं का. मग जिन्यात मोजणीदार. मग कारखान्यात खिळे ठोकता ठोकता रस्त्यावर नजर, न जाणो एखादी झाकलेली गाडी जायची. एकदा गेलीही. मी हातोडी घेऊन मागे धावलो. ते ताडपत्रीखाली बांधलेलं गवत होतं. हातोडी घेतलेला माणूस मागे धावताना आरशात दिसल्यावर चालकानं गाडी जी पळवली, ती पाहता ते गवत आजही प्रवासातच असेल.

पंधरा दिवसांतच टायवाल्याचा फोन आला. “साहेब, तुमची गाडी तयार आहे.”

“एवढ्यात?”

“धुऊन ठेवलीय.”

मी ओळखलं, उरलेला जुना माल गळ्यात मारतोय. “हे बघा, मला पुढचीच पाहिजे.”

“तीच साहेब. पुढचीच.”

“मग वेळ लागेल ना.”

“अजिबात नाही. आम्ही तुमची वाटच बघतोय.”

“मीही वाटच बघतोय,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघांनीही समाधानानं फोन ठेवला.

असे नऊ फोन झाले. दर वेळी तो जास्त काकुळतीला येत होता आणि दर वेळी मला माझ्या खंबीरपणाचा जास्त अभिमान वाटत होता. नंतर त्याचे फोन बंद झाले. मी बायकोला सांगितलं, “बघितलंस? दमला शेवटी.” ती कापड कापत होती. “हो का,” म्हणाली. कात्री थांबली नाही.

मध्येच थोरलीच्या तपासणीचा दाखला संपला. तपासणी कार्यालयाचं आवार म्हणजे सपाटीचा कळस. एखाद्या थाळीसारखं. आवारात एकच चढण होती, आणि तिच्यावर पाटी होती, ‘फक्त अधिकाऱ्यांची वाहने’. मी इंजिन चालू ठेवून चार नंबरच्या खिडकीशी उभा राहिलो. तिथून दोन नंबरला पाठवलं, दोन नंबरनं सांगितलं चार नंबरचा शिक्का आणा. चार नंबरचा शिक्का दोन नंबरकडे होता. दोन तासांनी निरीक्षक आले.

“गाडी बंद करा.”

“बंद?”

“बंद करा आणि चालू करून दाखवा.”

“साहेब, चालू आहे ती चालूच राहू दे की. नाहीतरी तुम्हाला चालूच बघायचीय.”

त्यांनी किल्ली स्वतःच्या हातानं फिरवली. थोरली गप्प झाली. मग मी दार आपटलं, गोड बोललो, पुन्हा आपटलं. निरीक्षक वहीत काहीतरी लिहीत होते. शेवटी रांगेतल्या चार चालकांनी स्वतःचा नंबर लवकर यावा म्हणून ढकलली. ती सुरू झाली आणि थेट ‘फक्त अधिकाऱ्यांची वाहने’ या पाटीला जाऊन टेकली. निरीक्षकांनी दाखल्यावर लिहिलं, ‘तीन महिने. यानंतर मुदत नाही.’ ब्रेकबद्दलचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. मला वाटतं, तो त्यांचा चांगुलपणा.

इकडे नव्या पिकअपचा मुहूर्त पुढे गेला. दिव्यांचा आकार पुन्हा बदलतायत म्हणे. “उत्तम लक्षण,” मोजणीदार म्हणाले. “घाई करत नाहीत.” महिन्यानं तो आणखी पुढे गेला. “अतिउत्तम,” मोजणीदार म्हणाले. आणि एक दिवस मेहुण्यानं फोन करून सांगितलं, “भाऊजी, ही जाऊ द्या. हिच्यानंतरची विजेवरची येतेय. तिच्यासाठी थांबा.”

मी तीन दिवस याचा गंभीरपणे विचार केला. हे मी बायकोला सांगितलं नव्हतं, पण जेवताना तिनं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, “जेवा. का पुढच्या जेवणासाठी थांबताय?”

आता खरी गोष्ट सांगायला हवी. दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे आणि त्याच्यापुढे ‘आणि कंपनी’. ती कंपनी म्हणजे बायको. बावीस वर्षं कापड तिनं कापलं, शिवलं, रंग तिनं निवडले. गिऱ्हाईक मात्र माझ्याशी बोलतं, कारण मी कारखान्यात पुढच्या बाजूला बसतो आणि ती आत, यंत्रावर. मी झाकलेल्या गाड्यांमागे धावत असताना ती एका सकाळी वाचनालयाच्या सभागृहात जाऊन खुर्च्या मोजून आली. दोनशे चाळीस खुर्च्या. सगळ्यांची गादी बसलेली, कापड विरलेलं. व्यवस्थापकांना तिनं तीन नमुने दाखवले आणि कागदावर स्वतःच्या नावानं सही करून आली. बावीस वर्षांत तिच्या नावाचा पहिला कागद.

व्यवस्थापक म्हणजे घड्याळाला कपडे घातलेले. त्यांची अट अशी: आधी वीस खुर्च्या न्या. शनिवारी बाराच्या आत परत आणा, दुपारी कार्यक्रम आहे. बारा म्हणजे बारा. वेळेवर आल्या तर उरलेल्या दोनशे वीस तुमच्या. एक मिनिट उशीर झाला तर काम दुसऱ्याला.

“शनिवारी थोरली सुरू होईल ना?” तिनं विचारलं. या वेळी यंत्र थांबलं होतं.

“मी आहे ना.”

“तेच तर.” ती माझ्याकडे बघत राहिली. “एक विचारू? नवी गाडी कुणालाही सुरू करता येते. तुमचं दुखणं हेच आहे ना?”

मी म्हणालो, काहीतरीच काय. मग मी बराच वेळ खिळे निवडत बसलो. सगळे एकाच मापाचे होते.

शुक्रवारी सकाळी पालिकेची माणसं आली आणि त्यांनी आमचा उतार खोदला. अक्षरशः. थोरली जिथे उभी राहते तिथपासून वळणापर्यंत पाइपासाठी छातीएवढा चर. थोरलीला आधी सपाटीवर ढकलून ठेवायला लावलं. मी मुकादमाला विचारलं, “बुजवणार कधी?”

“अर्ज केलाय का?”

“खोदलंय तुम्ही. अर्ज मी करू?”

“बुजवायचा विभाग वेगळा,” तो म्हणाला. हे मला खरं वाटलं, कारण दोन्ही कामं एकाच माणसानं केल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी थोरलीनं नकार दिला. मी दार आपटलं. गोड बोललो. मोजणीदारांनी, कारखान्यातल्या कारागिरानं आणि बायकोनं मिळून ढकललं. सपाटीवर ती ढकलली तेवढीच जायची आणि थांबायची. बायकोनं पदरानं कपाळ पुसलं, आत गेली आणि विसाव्या खुर्चीची शिवण पुरी केली.

आणि मेहुण्याचा फोन आला. नव्या गाडीवरचा पडदा निघणार. उद्या, शनिवारी, साडेदहाला.

मी सकाळी बायकोला नीट समजावलं. साडेदहाला पडदा. पाच मिनिटं बघणं, पाच मिनिटं कौतुक, सव्वाअकराला मी परत. सहा माणसं लावून थोरली सुरू करायची, पंधरा मिनिटांत वाचनालय. उलट दहा मिनिटं हातात राहतात.

“जा तुम्ही,” ती म्हणाली.

ज्या बाईचा पहिला कागद दुपारी बारा वाजता रद्द होऊ शकतो, ती इतक्या सहज ‘जा’ म्हणते, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की रस्ता मोकळा आहे.

शोरूमच्या आवारात दोनशे माणसं, खुर्च्या आणि एक पडदा. पहिल्या रांगेत मोजणीदार. सायकलला कुलूप लावून आले होते. मेहुणा मोबाइल उंच धरून. साडेदहाचे अकरा झाले. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. खुर्ची वाईट होती, हेही खरं. अकरा वाजून पाच मिनिटांनी पडदा ओढला.

गाडी सुरेख होती, हे कबूल केलं पाहिजे. तोंड नवं, दिवे तिरके, आत दिवाणखाना. टाळ्या झाल्या. मी टाळ्या वाजवतच मागच्या बाजूला गेलो आणि खिशातून टेप काढला. टेप माझ्या खिशात कायम असतो. मागचा हौदा मोजला. पुन्हा मोजला. आकडा तोच आला, म्हणून मोजणीदारांना हाक मारली.

पस्तीस वर्षांच्या अनुभवानं ते वाकले, डोळा बारीक केला, टेप ताणला. “तुमच्या थोरलीपेक्षा चार बोटं कमी,” ते म्हणाले. मग पुन्हा वाकले. “चूक झाली. साडेचार.”

“म्हणजे तीन जणांचा सोफा?”

“अडीच जणांचा करा.”

मी टायवाल्याला गाठलं. “हौदा कापला का?”

“कापला नाही साहेब, केबिन वाढवली. पाय पसरायला जागा.”

“माझ्या सोफ्याला पाय नसतात?”

“पण साहेब, तुम्ही कशाला काळजी करता? तुमची हौद्याला मोठी आहे.”

“माझी कुठली?”

“पुढची!” तो म्हणाला. “फॉर्मवर आहे की. पुढची, राखाडी. ही इथे पुढे उभी असायची ती.” त्यानं फाटकाजवळच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. फरशीवर सहा महिने उभ्या चाकांचे चार डाग होते.

त्या क्षणी मला काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण मेहुण्यानं ते चित्रित केलंय. “पुढची म्हणजे पुढे येणारी!” मी ओरडलो. “येणारी! भविष्यातली!”

“तुम्ही पुढची म्हणालात, मी पुढची दिली.”

मोजणीदारांनी चष्मा पुसला. “जागेची पुढची वेगळी, वेळेची पुढची वेगळी,” ते गंभीरपणे म्हणाले. “आमच्या खात्यात या एका शब्दावर दोन भाऊ वीस वर्षं भांडलेले मी पाहिलेत.”

“बरं, असू दे,” मी म्हणालो. बारा वाजायला पंचेचाळीस मिनिटं होती आणि उतारावर चर होता. “जागेची द्या. आत्ताच्या आत्ता द्या. कुठाय ती?”

“ती सकाळी साडेआठला गेली.”

“गेली? कुणी नेली?”

“दुसरी सही ज्यांची आहे त्यांनी. बाईंनीच तर महिन्याभरापूर्वी सगळे कागद पुरे केले. तुम्ही फोनवर ‘वाट बघतोय’ म्हणायचात, म्हणून मी दुसऱ्या नंबरवर फोन केला.”

बाहेर हॉर्न वाजला. नव्या गाडीचा हॉर्न, एकदाच, स्पष्ट. थोरलीचा हॉर्न खोकल्यासारखा वाजतो, त्यामुळे मी ओळखला नाही. मेहुण्यानं ओळखला. “भाऊजी, ताई!”

रस्त्यावर राखाडी पिकअप उभी होती. काचेवर तात्पुरत्या नंबराचा कागद, मागे चादरींनी गुंडाळून दोरीनं आवळलेल्या वीस खुर्च्या आणि स्टिअरिंगवर बायको. शेजारच्या सीटवर कारागीर, मांडीवर खिळ्यांचा डबा आणि हातोडी, ऐनवेळी कुठे शिवण सुटली तर म्हणून.

“तुला माहीत होतं?” मी खिडकीला धरून विचारलं.

“आधी नव्हतं. मला वाटलं, समोर उभी आहे तीच म्हणताय. मनात म्हटलं, बावीस वर्षांत एक गोष्ट तरी पटकन ठरवली. काय आनंद झाला होता मला! तीन आठवड्यांनी कळलं, तुम्ही हवेतली मागितलीय.”

“मग बोलली का नाहीस?”

“कागद पुरे केले आणि मीही थांबले की. म्हटलं, आज फिरेल मन, उद्या फिरेल. काल थोरली हलेना, तेव्हा माझं थांबणं संपलं. सकाळी तुमच्या नकळत आणली आणि वळणापलीकडे उभी करून ठेवली.” तिनं घड्याळ पाहिलं. “बसा आता.”

“पुढे जागा नाही.”

“मागे बसा. डाव्या बाजूच्या दोन खुर्च्या हलतायत, त्या धरा.”

मी मागे चढलो आणि हलणाऱ्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसलो, म्हणजे निदान एक हलायची थांबली. दुसरी हातानं धरली. गाडी किल्लीनं सुरू झाली. दार कुणी आपटलं नाही, गोड कुणी बोललं नाही. मला उगाच चुकल्यासारखं वाटलं आणि मी हळूच “चल गं” म्हणालो. ती आधीच चालू लागली होती.

बायको चांगली चालवते. हे मला माहीत होतं. थोरली तिच्या हातात येत नव्हती, म्हणून मी ते विसरलो होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा शेजारच्या स्कूटरवाल्यानं वर बघून विचारलं, “काका, ही का घेतली? आजच नवी आलीय ना?” मी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण हिरवा दिवा लागला आणि बायकोनं गाडी काढली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी एका अनोळखी माणसाचं मत अर्धवट सोडलं.

वाचनालयाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. पहारेकऱ्यानं मोठी नोंदवही उघडली. गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली. ‘मालक’ या रकान्यात बायकोला विचारून तिचं पूर्ण नाव लिहिलं. मग पायाच्या चवड्यांवर उभं राहून मागे डोकावला आणि ‘माल’ या रकान्यात लिहिलं: ‘खुर्च्या वीस. इसम एक.’

मी खाली उतरलो. “अहो, मला मालात काय घालता?”

“मागे बसला होतात ना?”

“मागे बसलो म्हणून माल झालो का?”

“रकाने चारच आहेत,” तो समजुतीनं म्हणाला. “असू द्या आता. पुढच्या खेपेला नीट लिहू.”

“पुढच्या खेपेला नाही,” मी म्हणालो. “आत्ता. आत्ताच्या आत्ता खोडा.”

त्यानं ‘इसम एक’ वर सरळ रेघ मारली. “बरं. मग काय लिहू?”

मी विचार करू लागलो. मालक नाही. चालक नाही. ‘कंपनी’ म्हणावं, तर ती जागा बावीस वर्षं दुसऱ्याची. प्रोप्रायटर? मार्गदर्शक? मागून एका टेंपोनं हॉर्न दिला. पहारेकऱ्यानं पेन हवेत धरलं होतं. बायकोनं आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं, गिअर टाकला, आणि राखाडी गाडी आत निघून गेली.

फाटक बंद झालं. मी बाहेर होतो.

“आता तुमची वेगळी नोंद करावी लागेल,” पहारेकरी म्हणाला आणि दुसरी, लहान वही काढली. “कुणाला भेटायचंय?”

काचेच्या दारामागे व्यवस्थापक मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते आणि बायको दोरी सोडत होती. कारागीर आणि ती, दोघंच. चार मिनिटं राहिली होती आणि वीस खुर्च्या.

मी पहारेकऱ्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. कुणाला भेटायचं: मालकीणबाईंना. कारण: खुर्च्या उतरवणे. आणि सही न करता, फाटक ढकलून धावलो.